सुभेदाराचा पाहुणचार

माशाच्या तोंडातून कागदाची चिठ्ठी निघाली, तेव्हा मी गुडघाभर पाण्यात उभी राहून जप करत होते.

मासा लहानच होता, तळहाताएवढा. वन्संनी तो दोन्ही हातांत धरला होता आणि आमचा वाटाड्या मानिक त्याच्या ओठातला गळ सोडवत होता. गळाबरोबर पांढरं काहीतरी बाहेर आलं. मानिकने ते अंगठ्यावर पसरलं आणि उन्हात धरून बघितलं.

"मॅडम, यावर काहीतरी लिहिलंय," तो म्हणाला. मानिक पंचेचाळिशीचा असेल, आम्ही उतरलो होतो त्या बेटावरच जन्मलेला. टीव्हीवरच्या मालिका बघून हिंदी शिकला होता, त्यामुळे त्याच्या बोलण्यात मधूनच एखाद्या खाष्ट सासूचा ठसका यायचा. "माशाला कुणी निरोप पाठवला?"

वन्संनी गळ्यातला चष्मा डोळ्यांवर चढवला. नखाएवढा कागद, त्यावर लाल शाई.

"राम," त्यांनी वाचलं. आणि सावकाश माझ्याकडे वळल्या.

वन्सं म्हणजे माझी थोरली नणंद, डॉक्टर प्रमोदिनी. छत्तीस वर्षं मिरजेत लोकांची पोटं उघडून शिवली. लग्न केलं नाही, देव मानला नाही, आणि पन्नाशीत कुठल्याशा परिषदेला परदेशी गेल्या असताना मासे धरायचा नाद घेऊन परत आल्या. तोही साधासुधा नाही. गळाला पिसं आणि दोरे गुंडाळून खोटी कोळंबी करायची, तिला फ्लाय म्हणतात. ती लांब दोरीच्या टोकाला बांधायची, काठीने ती दोरी डोक्यावरून चाबकासारखी फिरवायची आणि ऐंशी फुटांवरच्या माशाच्या नाकासमोर अलगद ठेवायची. एवढं करून मासा सापडलाच तर मुका घेऊन परत सोडून द्यायचा.

"वत्सले, हे अक्षर मी ओळखते," वन्सं म्हणाल्या. "याच अक्षरात मला दर दिवाळीला पत्र येतं."

"हो वन्सं."

"हे माशाच्या पोटात काय करतंय?"

"पोटात नाही, तोंडात," मी म्हटलं. "अजून गिळली नव्हती त्याने."

मग सगळं सांगावंच लागलं. माझा चार वर्षांचा नेम होता. पहाटे उठून एकशे आठ चिठ्ठ्यांवर रामनाम लिहायचं, एकेक चिठ्ठी कणकेच्या गोळीत घालायची आणि माशांना खाऊ घालायची. ते झाल्याशिवाय तोंडात अन्नाचा कण घ्यायचा नाही. सांगलीला कृष्णेचा घाट होता. इथे, चारी बाजूंनी समुद्र असलेल्या या बेटावर, तर आणखीच सोय. आमच्या खोलीच्या मागे तीन दगडी पायऱ्या थेट पाण्यात उतरत होत्या. आल्यापासून तिन्ही पहाटे मी तिथे बसून गोळ्या सोडल्या होत्या. मासे इतके जमायचे की पाणी उकळल्यासारखं दिसायचं. मला वाटलं, काय भाविक जागा आहे!

"कणीक कुठून आणलीस?"

"सांगलीहून. दोन किलो."

"तरी म्हटलं, एवढीशी बाई आणि बॅग उचलेना कशी." वन्संनी डोळे मिटले. "माणिकराव," त्या त्याला माणिकरावच म्हणायच्या, "ऐकलंत? तीन दिवस आपण दोघं या उथळ पाण्यात काठी घेऊन वणवण फिरतोय. तुम्ही म्हणताय भरती चुकली, वारा चुकला, चंद्र चुकला. आणि मासे तिकडे हिच्या पंगतीला बसलेत."

मानिकने बिचाऱ्याने टोपी काढली. "म्हणजे सुभेदारपण?"

"तोही येतो," मी खालच्या आवाजात म्हटलं. "तो सगळ्यात शेवटी येतो. पण बाकीचे त्याला वाट देतात."

सुभेदार हा मासा होता. आपल्या परातीएवढा, हिरवट पिवळा, शेपटीला नारिंगी झालर आणि वरच्या ओठावर काळ्या मिशांची जाड रेघ. ट्रिगरफिश त्याची जात. डोकं खाली आणि शेपूट पाण्याबाहेर काढून तो प्रवाळातले खेकडे फोडून खायचा, आणि आपण दहा पावलांवर आलो की एक डोळा आपल्याकडे फिरवायचा. नाव वन्संनीच ठेवलं होतं. ही त्यांची इथली तिसरी खेप, आणि तिन्ही खेपांना त्यांना हवा होता तो हाच एक मासा. पहिल्या वर्षी त्याने फ्लाय चावून गळ वाकडा केला. दुसऱ्या वर्षी नुसतं बघितलं आणि पाठ फिरवली.

चौथी खेप होणार नव्हती. वन्संच्या उजव्या हाताला थरथर सुरू झाली होती. मुंबईच्या डॉक्टरांनी आजाराचं नाव सांगितलं, गोळ्या दिल्या, आणि पुढच्या वर्षी काठी धरता येईल असं समजू नका म्हणाले. घरात हे एकट्या मला माहीत होतं. मला बरोबर न्यायचं कारणही त्यांनी बसमध्ये चढताना सांगून टाकलं होतं. "बापूला आणला असता तर त्याने स्टँडवर पोचायच्या आत सांगलीभर केलं असतं. तुझ्या पोटात गोष्ट राहते. शिवाय तुझी बोटं बारीक कामाची आहेत. मला आता गाठ मारता येत नाही." बापू म्हणजे आमचे हे.

तर असं सगळं होतं. मंगळवारची सकाळ. परतीची नाव गुरुवारी सकाळी दहाला.

"दीदी," मानिक माझ्याकडे वळला. तो मला दीदी म्हणायचा आणि वन्संना मॅडम. "इथे माशांना खाऊ घालायला बंदी आहे. पाटीवर लिहिलंय. मालकाला कळलं तर तो मासेमारीच बंद करेल. मी काही बघितलं नाही. पण आता नका घालू."

पाटी इंग्रजीत होती. मी तिला नमस्कार केला होता, काहीतरी सुविचार असेल म्हणून.

संध्याकाळी चहाला वन्सं वेगळ्याच मूडमध्ये होत्या. खुर्ची माझ्याजवळ ओढून म्हणाल्या, "मी विचार केला. झालं ते बरंच झालं. सुभेदार तुझ्या ओळखीचा झालाय. उद्या पहाटे तू पायरीवर बस, गोळी टाक. मी शेजारी उभी राहते. पांढरी, गोल फ्लाय आहे माझ्याकडे. पहिली गोळी तुझी, दुसरी माझी."

मी कप खाली ठेवला.

"काय झालं?"

"वन्सं, तो जेवायला येतो."

"मग?"

"जेवायला बोलावलेल्याच्या घशात गळ कसा घालायचा?"

"घशात नाही गं, ओठात! आणि लगेच सोडायचाय. टोचतसुद्धा नाही त्यांना."

"ओठात तर ओठात. पण रामाचं नाव घेऊन बोलावलेला आहे तो. मला नाही जमणार."

मी आयुष्यात वन्संना तोवर नाही म्हटलं नव्हतं. लग्नात त्यांनी मला नाव घ्यायला उभं केलं आणि तीनदा मोठ्याने म्हण म्हणून सांगितलं, तेही म्हटलं होतं. बशीवर कप ठेवताना त्यांचा हात थरथरला आणि चहा सांडला. मी पुसायला गेले तर म्हणाल्या, "राहू दे. ठेव तुझं पुण्य तुझ्यापाशी."

"पण उद्या गोळ्या घालणार नाही मी," मी म्हटलं. "इथे बंदी आहे ना. मासे आपले आपण उथळ पाण्यावर परत येतील. तुम्ही त्याला सरळ मार्गाने धरा."

"आणि तू जेवणार कशी?"

"नाही जेवणार."

"अगं, बेटाच्या त्या टोकाला जाऊन टाक!"

"मानिकला विचारलं मी. तो म्हणाला, बेट पाचशे पावलांचं. इथून उठून तिथे जेवायला जातील."

"म्हणजे उपोषण! माझ्या नावाने?"

"तुमच्या नावाने कशाला? माझा नेम आहे."

"दोन दिवस?"

"शहाळं चालतं."

वन्सं उठल्या, आत गेल्या, रक्तदाब मोजायचं यंत्र घेऊन आल्या आणि माझ्या दंडाला इतक्या जोरात गुंडाळलं की मी रामाला हाक मारली. आकडा बघितला. तो बरा निघाला, त्याचाच त्यांना राग आला.

बुधवारी उथळ पाणी भरून गेलं. शेपट्याच शेपट्या! वन्संनी सकाळी चार मासे धरले, दुपारी तीन. मानिक टाळ्या वाजवत होता. सुभेदार मात्र आला नाही. तो माझ्या पायऱ्यांपाशी होता. मी खिडकीतून बघितलं. बाकीचे गेले तरी हा एकटा पायरीसमोर घिरट्या घालत होता, आणि अधूनमधून दगडाला तोंड लावून खट्ट आवाज करत होता. अगदी उशीर झाल्यावर पानावर बसलेले मामंजी वाटी वाजवायचे, तसा. मी खिडकी लावून घेतली.

दुपारी वन्सं माझ्यासमोर बसून माशाचं कालवण जेवल्या, मुद्दाम, बोटं चाटत. "आहाहा," म्हणाल्या. मी हसले. मग त्यांनी पान अर्धंच सोडलं आणि स्वयंपाक्यावर ओरडल्या की मीठ जास्त झालंय.

"एक शहाळं आण रे हिच्यासाठी," हेही ओरडूनच.

गुरुवारी उजाडताना ओहोटी होती. मी कणीक भिजवली, चिठ्ठ्या लिहिल्या, एकशे आठ गोळ्या स्टीलच्या डब्यात भरल्या आणि डबा पिशवीत टाकून पिशवी खांद्याला लावली. नाव बेटापासून दूर, खोल पाण्यात गेली की तिथे सोडायच्या आणि मग जेवायचं, असं ठरवलं होतं. साडीच्या आत वन्संची मासेमारीची विजार घातली होती, निऱ्या कमरेला खोचलेल्या. मानिक पहिल्या दिवशी बघून म्हणाला होता, "दीदी योद्ध्यासारखी दिसते." वन्सं म्हणाल्या होत्या, "योद्धा कसला, मोरीवर निघालेली वाटते."

आणि सुभेदार आला. प्रवाळाच्या कडेला, जिथे हिरवं पाणी एकदम निळं होतं तिथे शेपूट वर निघालं. नारिंगी झालर वाऱ्यावर हलल्यासारखी हलली.

"तोच," मानिक कुजबुजला. "मॅडम, सावकाश."

मी फ्लायची गाठ मारून दिली. वन्संनी काठी घेतली. दोरी मागे गेली, पुढे आली, आणि मधेच कुठेतरी मनगट थरथरलं. फ्लाय पडली ती मानिकच्या टोपीत. त्याने ती सोडवून दिली.

"वारा," वन्सं म्हणाल्या.

"खूप वारा," मानिक म्हणाला. पान हलत नव्हतं.

दुसऱ्यांदा दहा फूट अलीकडे पडली. तिसऱ्यांदा दोरीचा गुंता झाला. मी तो सोडवला. सोडवताना वन्संचा हात माझ्या हाताला लागला, तर तो पकडलेल्या चिमणीसारखा लागला. त्यांनी तो काखेत दाबून धरला. चौथ्यांदा फ्लाय बरी पडली. सुभेदाराने डोळा फिरवून तिच्याकडे बघितलं, आणि निळ्या पाण्याकडे वळला.

"गेला," मानिक म्हणाला. "खोल गेला की आता दुपारीच."

दुपारी आम्ही नसणार होतो. वन्संनी काठी खाली केली. मी त्यांना ऑपरेशन थिएटरच्या दारात बघितलेलं आहे, सासूबाईंच्या वेळी. माझ्यासमोर उभ्या राहून सरळ सांगितलं होतं, आई गेली. तेव्हासुद्धा त्यांचे खांदे ताठ होते. आता ते खाली आले.

मी त्यांच्या मागे, थोडी डावीकडे उभी होते. माझा हात पिशवीत गेला. मी तो घातला असं म्हणवत नाही, आणि आपोआप गेला असं म्हटलं तर खोटं होईल. डब्याचं झाकण मी एका हाताने, आवाज न करता उघडलं. एक गोळी काढली. देवाला काही विचारलं नाही. विचारलं असतं तर त्याने नाही म्हटलं असतं. बोटांतून ती पाण्यात सोडली.

टप्प.

एवढासाच आवाज. सुभेदार निळ्या पाण्याच्या कडेवर थांबला. मग असा वळला, जसा घरातून हाक आल्यावर अंगणातला माणूस वळतो. वळला आणि सरळ आमच्याकडे यायला लागला, अंगभर घाई करत.

"मॅडम! येतोय! येतोय! पंधरा फूट! टाका!"

पंधरा फुटांना चाबूक फिरवावा लागत नाही. वन्संनी नुसती काठी पुढे केली. फ्लाय पडली. हात थरथरत होता, आणि दोरीच्या टोकाला ती खोटी कोळंबी तशीच थरथरत होती. सुभेदाराने तिच्यावर मिशा टेकवल्या आणि गप्पकन घेतली.

पुढचं मला नीट आठवत नाही, कारण मी डोळे मिटले होते. दोरीचं रीळ किंचाळत होतं, मानिक त्याच्या भाषेत काहीतरी ओरडत होता, आणि वन्सं तोंडाने असे शब्द काढत होत्या जे आमच्या घरात कुणी काढत नाही. डोळे उघडले तेव्हा दोरी ताठ होऊन प्रवाळातल्या एका भोकात गेली होती.

"बिळात शिरला," मानिक म्हणाला. "ओढलंत तर तुटेल. दोरी सैल सोडा. त्याला वाटलं पाहिजे की आपण गेलो."

"किती वेळ?"

"त्याची मर्जी."

वन्संना थांबणं कधी जमलेलं नाही. ताक घुसळून लोणी येईपर्यंतसुद्धा त्या तीनदा झाकण उघडायच्या. अर्ध्या मिनिटात म्हणाल्या, "ओढते."

"वन्सं, माझी एक माळ होईपर्यंत थांबा," मी म्हटलं. "माळ संपली की ओढा."

"जलद कर."

मी मुद्दाम सावकाश केली. गुडघाभर पाण्यात आम्ही तिघं खांबासारखे उभे. मेरुमण्यापाशी बोट आलं आणि दोरी हलली. सुभेदार डोकं बाहेर काढून बघत होता, गेली का ही माणसं. मानिकने झेप घेऊन जाळं खाली घातलं.

वन्सं पाण्यात बसल्याच. पासष्टीची बाई, कमरेपर्यंत समुद्रात, मांडीवर तो मासा. तो डुकरासारखा गुरगुरत होता, खरंच गुरगुरतात ते. वन्संनी त्याच्या मिशांवरून बोट फिरवलं. मानिकने गळ काढला. ओठावर टाचणी टोचल्याएवढी खूण.

"फोटो!" मानिक म्हणाला.

"नको. नीट बघू दे मला." त्यांनी त्याला दोन्ही हातांनी पाण्यात धरलं. हात थरथरतच होते, पण पाण्यात ते कळत नव्हतं. "जा सुभेदार," म्हणाल्या. "त्रास दिला."

तो गेला. जाताना माझ्या पायापाशी थांबला. मला त्याच्याकडे बघवलं नाही.

परत आल्यावर मानिक धावत जेवणघरातल्या फळ्यापाशी गेला. त्या फळ्यावर मोठ्या माशांची आणि ते धरणाऱ्या माणसांची नावं लिहीत. त्याने वन्संचं नाव सुरू केलं, तर वन्संनी ओल्या तळव्याने ते पुसून टाकलं.

"मॅडम! तीन वर्षं!"

"राहू दे, माणिकराव."

"पण का?"

"अक्षर चांगलं नाही तुमचं." आणि त्याला मिठी मारून त्या नावेकडे चालायला लागल्या. मानिक माझ्याकडे बघत राहिला. मलाही काही उमगलं नाही. मला एवढंच ठाऊक होतं की मी पाप केलंय आणि त्या बाईला ते माहीत नाही, आणि आता हा आनंद मोडून सांगायचं कसं.

नाव बेटापासून बरीच दूर आली. पाणी काळंनिळं झालं. मी डबा बाहेर काढला नाही. वन्सं समोरच्या फळीवर बसल्या होत्या, मांडीवर जेवणघरातून उचललेली केळी.

"डबा काढ की," त्या म्हणाल्या. "इथे बंदी नाही."

"आज नको वन्सं."

"का?"

"नेम बिघडलाय आज."

"दे इकडे." त्यांनी पिशवीतून डबा ओढून घेतला. झाकण उघडून मूठभर गोळ्या घेतल्या आणि उजवा हात नावेच्या काठाबाहेर धरला, बोटं जराशी फाकवून. हात थरथरत होता. एकेक गोळी बोटांच्या फटीतून आपोआप पाण्यात पडत होती. टप्प. टप्प. टप्प.

"बघ," वन्सं म्हणाल्या. "तुझ्यापेक्षा एकसारख्या पडतायत. निवृत्तीनंतर हे काम मिळायला हरकत नाही. तू मोज."

मी मोजायला लागले. वन्सं मूठ भरत होत्या, ती रिकामी होत होती. खाली पाण्यात चांदीच्या रेघा जमल्या. शेवटची मूठ संपली तेव्हा मी मोजत होते तिथेच थांबले आणि मान खाली घातली.

"झाले एकशे आठ," वन्सं म्हणाल्या. "केळं खा."

"एकशे सातच झाले, वन्सं."

"सकाळची धर ना."

मी वर बघितलं. त्या लांब पाण्याकडे बघत होत्या.

"माझ्या डावीकडे पडली," त्या म्हणाल्या. "हात गेलाय माझा, वत्सले. कान अजून चांगले आहेत."

"मग तरी तुम्ही काठी पुढे..."

"केली. हो, केली!" आणि त्या हसायला लागल्या, इतक्या की नावाड्याने मागे वळून बघितलं. "फळ्यावर नाही ना लिहू दिलं? मग झालं तर. आता ते केळं खातेस, का तुला परत यंत्र लावू?"

मी केळं सोललं. अर्धं मोडून त्यांच्यापुढे धरलं. त्यांनी हात पुढे केला, तो काखेत लपवला नाही, आणि मी तो स्थिर होईपर्यंत थांबले नाही. थरथरत्या हातावरच ठेवलं.